गोफण, ड्रोन आणि कलम ३२४

मराठवाड्यात जमिनीचं खरेदीखत लिहिणारा माणूस सहसा काही विसरत नाही. पूर्वेस अमक्याचं रान, पश्चिमेस तमक्याचं, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा अशी चतुःसीमा तो आधी आखून घेतो. मग झाड, झाडोरा, दगड, माती, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा आणि वर निधी-निक्षेपासह, म्हणजे नांगराला पुरलेला हंडा लागला तर तोही, खरेदीदाराच्या हवाली करतो. हंडा खरोखर सापडलाच, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे तो कलेक्टरला कळवावा लागतो, ही बारीकशी गोष्ट मात्र खतात नसते. आणखी एक गोष्ट नसते. खाली पाताळापर्यंतची व्यवस्था लावणाऱ्या त्या स्टॅम्प पेपरवर वरच्या बाजूला काय, याबद्दल अवाक्षर नसतं.

आजवर त्याची गरजही पडली नव्हती. वरून यायची ती पाखरं आणि गारपीट. पाखरांना गोफण होती, गारपिटीला पंचनामा होता.

देवणीच्या माणसाला हद्दीचं शिक्षण निराळं द्यावं लागत नाही. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, उदगीर तालुक्यातून वेगळा काढलेला हा तालुका. पलीकडे कर्नाटकातला बीदर जिल्हा. इथल्या पाहुण्यारावळ्यांत निम्मी सोयरीक दुसऱ्या राज्यातली. बैलाचं नाव गावावरून पडावं असा मान फार थोड्या गावांना मिळतो, तो देवणीला मिळालेला आहे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे देवणी जातीचे तीन प्रकार इथलं पोरगं पाढ्यांच्या आधी शिकतं. अशा गावात बांध कोरणं हा गुन्हा, परंपरा आणि विरंगुळा असं तिन्ही असतं. दरवर्षी वीतभर नांगर सरकतो, मोजणीची फी भरली जाते, भूकरमापक येतो, दगड रोवतो आणि त्याची पाठ फिरली की दगड चालायला लागतो.

आणि बांधाचा शेजारी म्हणजे कुणी परका नसतो. तो भावकीतलाच असतो. म्हणून या लेखापुरती दोन माणसं समजून घेऊ: पूर्वेच्या बांधाचे काका आणि पश्चिमेच्या बांधाचा पुतण्या. दोघंही काल्पनिक आहेत. देवणीतल्या कुणाला ओळखीचे वाटले, तर तो भावकीचा दोष समजावा.

पुतण्याने फवारणीचा ड्रोन आणला आहे. पाठीवर पंप घेऊन जे काम अर्धा दिवस चालायचं, ते दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एकरामागे काही मिनिटांत उरकतो. सरकारचाही त्याला आशीर्वाद आहे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं; किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख रुपये अनुदान. सासू पूर्वी सुनेला विहिरीवर पाठवायची, आता आभाळात पाठवते. तर पुतण्याचा ड्रोन सोयाबीनवरून वळायला म्हणून काकांच्या रानावर येतो. काका माळ्यावर उभे. ज्वारी निसवलेली. हातात गोफण.

“ह्ये काय फिरायलंय रे आमच्या रानावर?”

“काका, वळायलंय फक्त.”

“बैलबी वळतंय, पण आपल्याच रानात वळतंय.”

इथपर्यंत काकांची बाजू भक्कम आहे. पुढच्या क्षणी गोफण फिरते, धोंडा सुटतो, चार पंख्यांपैकी एक तुटतो, आणि काका फिर्यादीचे आरोपी होतात. ड्रोनच्या भांडणातली सगळी गंमत, आणि सगळं दुखणंही, या एका क्षणात आहे. तोवर चूक ज्याची असते त्याची असते. धोंडा सुटला की ती पाडणाऱ्याची होते.

ठाण्यात गेल्यावर अंमलदार पहिला प्रश्न विचारतो तो नीती-अनीतीचा नसतो. तो विचारतो, “केवढ्याचा हाय?” भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आगळीक नावाचा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान करणं म्हणजे आगळीक, आणि तिची शिक्षा वस्तूच्या पावतीवर ठरते. नुकसान वीस हजारांच्या आत असेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद. वीस हजार ते लाखाच्या आत, तर दोन वर्षांपर्यंत. लाख आणि त्यापुढे, तर पाच वर्षांपर्यंत. गोफण तीच, धोंडा तोच, नेमही तोच. पण लग्नातल्या शूटिंगचा हलका ड्रोन पाडला तर गोष्ट बहुधा अदखलपात्र म्हणून एनसीवर भागते आणि फवारणीचा पाडला तर दखलपात्र गुन्हा दाखल होतो. तेव्हा धोंडा सोडण्याआधी खालून हाक मारून किंमत विचारून घेणं कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं, जरी त्याने नेम बिघडत असला.

काकांजवळ गोफणीऐवजी बंदूक असती, तर प्रकरण आणखी लांबलं असतं. रानडुकरांपासून पीक राखायला काही शेतकरी परवान्याची बंदूक बाळगतात. ती परवान्यातल्या कामासाठीच. आभाळातला पुतण्याचा ड्रोन त्या कामात बसत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात एक नवं पोटकलम आलं आहे: बेफिकिरीने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम वरातीत बार काढणाऱ्यांसाठी आलं. पण वर गेलेली गोळी खाली येते आणि येताना पत्ता विचारत नाही, हे वरातीत जेवढं खरं तेवढंच बांधावरही. गोफणीला परवाना लागत नाही. काकांनी गोफण निवडली ती परंपरेने; नकळत का होईना, वकिलाची फी वाचली.

आता काकांचा बचाव. पहिला बचाव कुठलाही गावकरी आधी सुचवेल: “मी पाखरं राखायलोतो, त्ये मधी आलं.” हा वाटतो तितका पोरकट नाही. आगळीक शाबीत व्हायला हेतू किंवा जाणीव लागते. ज्वारी निसवलेली असताना, माळ्यावरून, पारव्यांच्या थव्यावर सोडलेला धोंडा चुकून ड्रोनला लागला, तर तो अपघात म्हणता येईल. अडचण एवढीच, की तोच ड्रोन त्या वेळी चित्रीकरण करत असतो. त्यात काका दिसतात, गोफण दिसते आणि आजूबाजूला एकही पारवा दिसत नाही. शिवाय धोंडा सुटताना काकांनी दिलेली शिवी पाखराला देण्यातली नसते.

दुसरा बचाव, स्वसंरक्षणाचा. चोरी, आगळीक किंवा फौजदारी आगंतुकी रोखण्यासाठी मालमत्तेचं रक्षण करायचा हक्क कायदा देतो. पण त्याच संहितेचं कलम ३७ त्याला दोन खुंट्या ठोकतं: पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. बॅटरी संपत आली की आपोआप परत जाणाऱ्या वस्तूला किती इजा गरजेची होती, हा प्रश्न सरकारी वकील फार गोड आवाजात विचारतो. शिवाय आगंतुकीसाठी आत शिरणं लागतं आणि त्रास देण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतू लागतो. पंधरा फुटांवरून जाणारा ड्रोन शेतात शिरला की नाही, यावर दोन वकील संध्याकाळपर्यंत बोलू शकतात आणि दोघांनाही तारीख मिळू शकते.

तिसरा बचाव तत्त्वाचा आहे: माझ्या रानावरचं आभाळ माझं. त्याचा निकाल एका कोंबडीवाल्याने फार पूर्वी लावून घेतला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एका शेतकऱ्याच्या खुराड्यांवरून दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानं जेमतेम ८३ फुटांवरून उतरायची. घाबरून कोंबड्या भिंतींवर आपटत. दीडशेच्या आसपास मेल्या. १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जमिनीची मालकी थेट स्वर्गापर्यंत जाते ही जुनी कल्पना आजच्या जगात चालणार नाही. पण हेही सांगितलं, की जमिनीचा वापरच अशक्य होईल इतक्या खालून उडत असाल, तर भरपाई द्यावी लागेल. म्हणजे काकांचं आभाळ ज्वारीच्या कणसाच्या वर थोडं आहे, फार नाही. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यातच लिहिलं होतं, की वाजवी उंचीवरून जाणाऱ्या विमानावर केवळ ते वरून गेलं म्हणून आगंतुकीचा दावा लावता येणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. बीदरला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली विमानं या भागाच्या डोक्यावरून जातात. त्यांच्याकडे बघून गोफण काढावी असं काकांना कधी वाटलं नाही. हवाई दल भावकीत नाही, हे त्याचं कारण.

एखादा उत्साही वकील याहून पुढे जाईल. ड्रोन नियमांच्या व्याख्येत ड्रोन हे वैमानिक नसलेलं विमान आहे, आणि विमान वाहतुकीच्या सुरक्षेसाठी केलेल्या १९८२ च्या कायद्यात सेवेतलं विमान नष्ट केल्यास जन्मठेप आहे. हा युक्तिवाद देवणीच्या प्रकरणात टिकावा असं कुणालाही वाटणार नाही. पण पुतण्याच्या वकिलाने तो नोटिशीत लिहिला, तर काकांची दोन दिवसांची झोप जाईल. नोटिशीचं काम तेवढंच असतं. अमेरिकेत कागदोपत्री वीस वर्षांपर्यंतची कैद आहे, तिथेही शेजाऱ्याचा ड्रोन पाडणाऱ्यांचं प्रत्यक्षात काय झालं ते बघण्यासारखं आहे.

केंटकी राज्यातल्या हिलव्ह्यू गावात जुलै २०१५ मध्ये एकाने छर्‍याच्या बंदुकीने ड्रोन पाडला. मुली अंगणात असताना तो वर घिरट्या घालत होता, असं त्याचं म्हणणं. पोलिसांनी अटक केली. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी प्रकरण काढून टाकलं. हा इसम ‘ड्रोनमाऱ्या’ म्हणून इतका गाजला, की त्याचे टी-शर्ट निघाले. ड्रोनवाल्याने केंद्रीय न्यायालयात दावा लावला, तोही २०१७ मध्ये फेटाळला गेला. मूळ प्रश्नावर निकाल न देताच. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोमधला दुसरा मात्र फसला. त्याने शेजाऱ्याच्या पोराने घरी बनवलेला ड्रोन आपल्या मुलाकडून पाडवला आणि वर सांगितलं, की मला तो सीआयएचा वाटला. न्यायालयाने ड्रोन कुणाच्या जमिनीवर होता याच्या फंदात न पडता, तुझं वागणं वाजवी नव्हतं म्हणून ८५० डॉलर द्यायला लावले. फ्लोरिडात जून २०२४ मध्ये ७२ वर्षांच्या आजोबांनी वॉलमार्टचा सामान पोचवणारा ड्रोन पिस्तुलाने टिपला. तो आपल्यावर पाळत ठेवतोय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांना अटक झाली आणि शेवटी पाच हजार डॉलर भरपाईवर मिटलं. सीआयए आणि वॉलमार्ट यांतला फरक खालून कळत नाही, ही जगभरची अडचण आहे.

ती मराठवाड्यात २०२४ च्या जून-जुलैत सगळ्यांनी अनुभवली. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या गावांवर रात्री दिवे लुकलुकायला लागले. चोर ड्रोनने घरं हेरतात आणि मग येतात, अशी बातमी पसरली. गावंच्या गावं जागली. काठ्या, बॅटऱ्या, चहाचे थर्मास आणि प्रत्येक पारावर एक तज्ज्ञ. पुणे जिल्ह्यातही तेच चाललं होतं. आंतरवाली सराटीत मराठा आंदोलक मनोज जरांगे पाटील मुक्कामी असलेल्या ठिकाणावर ड्रोन फिरल्याचा विषय तर विधानसभेत गेला. पोलिस गावोगाव सांगत होते, अफवांवर विश्वास ठेवू नका, अनोळखी माणसाला मारू नका. ड्रोनला मारू नका, असं मुद्दाम सांगावं लागलं नाही, कारण रात्री गोफणीचा नेम लागत नाही.

मुंबईतही निराळं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ठाकरे कुटुंबाच्या वांद्र्यातल्या ‘मातोश्री’ निवासस्थानावर ड्रोन दिसला आणि पाळतीचा आरोप झाला. मग एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने सांगितलं, की तो पोलिसांच्या परवानगीने चाललेला पॉड टॅक्सीच्या कामाचा सर्व्हे होता. समजा, तिथे कुणी तो पाडला असता? सरकारी कामासाठी उडणारा ड्रोन पाडला, तर सरकारी कामात अडथळा आला, आणि तो सरकारी मालकीचा असला तर १९८४ चा सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदाही आला. ग्रामीण भागात हा धोका खराच आहे. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका द्यायला सरकारने ड्रोननेच मोजणी केली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून आपल्या राज्यात तिची सुरुवात झाली. लोकांनी घरांच्या हद्दी चुन्याने आखून ठेवल्या, वरून फोटो निघाले. ज्या गावात रात्री चुन्याची रेघ सरकवणारे आहेत, तिथे दिवसा ड्रोनवर धोंडा टाकणारेही निघू शकतात. आपल्याच घराचा मालकी हक्काचा कागद पाडल्याबद्दल आत जाणं, हा मान कुणी घेऊ नये.

धोंडा टाकल्याचं कौतुक होईल अशी एकच जागा आहे: पंजाबची सरहद्द. तिथे पलीकडून अमली पदार्थ आणि हत्यारं घेऊन ड्रोन येतात. सीमा सुरक्षा दल ते पाडतं आणि खबर देणाऱ्याला बक्षीस देतं. देवणीही सरहद्दीवरच आहे, पण ती कर्नाटकची. पलीकडून भालकी, औरादचे पाहुणे येतात.

धोंडा लागलेला ड्रोन पडतो कुठे, हा प्रश्न देवणीत अमेरिकेपेक्षा मोठा आहे. औषधाने भरलेला फवारणीचा ड्रोन काकांच्याच दावणीवर पडला आणि वानेरा जायबंदी झाला, तर? जनावर मारणं किंवा लुळं करणं यावर न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचं. पण ते दुसऱ्याच्या जनावराच्या कामाचं. स्वतःच्या धोंड्याने, पुतण्याच्या ड्रोनखाली, स्वतःचाच बैल गेला, तर कायदा काकांना काहीच देत नाही. विमा असेल तर तो पुतण्याचा. ड्रोन नियमांनी इथे मोटार वाहन कायद्याचा तिऱ्हाइताचा विमा जसाच्या तसा लागू केला आहे, अगदी छोट्या नॅनो ड्रोनला सूट ठेवून. म्हणजे विम्यापुरता ड्रोन जीपच्या रांगेत उभा आहे. आणि जीपला धोंडा मारून चालकाला रस्त्यावरून घालवणाऱ्याला विमा कंपनी तिऱ्हाईत म्हणून मिठी मारील, ही आशा काकांनी सोडावी.

एवढं सगळं काकांच्या अंगावर आल्यावर पुतण्या निवांत असेल, असं वाटेल. तो निवांत नसतो. फिर्याद द्यायला ठाण्यात पाय ठेवला, की त्याच्याही गळ्यात दोरी येते. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची सरकारी पोर्टलवर नोंद हवी, त्याला ओळख क्रमांक हवा. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला आणि बिगरधंद्याच्या, दोन किलोपर्यंतच्या मायक्रोला वैमानिकाचं प्रमाणपत्र माफ, बाकीच्यांना लागतं. लग्नाची सुपारी घेऊन वरातीवर मायक्रो उडवणारा धंदाच करत असतो, मग वर नवरीचा मामा हौसेने म्हणाला असला तरी. हिरव्या क्षेत्रातसुद्धा चारशे फुटांच्या वर परवानगी लागते. नियम मोडले तर लाखापर्यंत दंड. त्यात परदेशी ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. अंमलदाराने “पावती दाखवा” म्हटलं, की बऱ्याच फिर्यादी ठाण्याच्या पायरीवरच माघारी वळतात. ड्रोन पाडणारे जेवढे सुटतात, त्यांतले कितीतरी ड्रोनवाल्याच्या कागदपत्रांच्या कृपेने सुटतात, असं मानायला जागा आहे.

आणि एका बाबतीत कायदा पूर्णपणे काकांच्या, त्याहून काकूंच्या बाजूने आहे. न्हाणीघरावर, गच्चीवर, आत डोकावणारा ड्रोन म्हणजे खोड नव्हे, गुन्हा आहे. स्त्रीचं खासगी क्षणी चोरून चित्रण केलं, तर न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केलं तर तीन ते सात. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं आहे. फवारणीचं औषध वाऱ्याने काकांच्या भाजीपाल्यावर आलं, तर भरपाईचा दिवाणी दावा लागतो. हे सगळे हक्क गोफण खिशात असेपर्यंत काकांच्या हातात असतात. धोंडा सुटला की त्या हक्कांतून पुतण्याची नुकसानभरपाई वजा व्हायला लागते.

तेव्हा रानावर ड्रोन आलाच, तर मोबाइलवर त्याचं चित्रण करावं, तारीख-वेळ आणि अंदाजे उंची लिहून ठेवावी, उडवणारा दिसत असेल तर ओळख क्रमांक विचारावा, ११२ लावावा आणि ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. जॅमर विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. तो विनापरवाना वापरणं हा वेगळाच गुन्हा आहे. आणि धोंडा आधीच सुटला असेल, तर खासगी माणसाच्या लाखाच्या आतल्या नुकसानीची आगळीक तडजोडीला पात्र आहे, हे लक्षात ठेवावं. लोकअदालतीत असल्या प्रकरणांचा निकाल साधारण असा लागतो: मोडलेल्या पंख्याचे पैसे काकांनी द्यावेत, फवारणीच्या आदल्या दिवशी पुतण्याने फोन करावा आणि ड्रोन स्वतःच्याच रानात वळवावा. तडजोडीच्या तारखेला येताना दोघांनीही आधार कार्डाची झेरॉक्स आणावी.